सुखी बालकांचे डबे

मुलं शाळेत कशाने खूश राहतात, हे आमच्या खारघरच्या शाळेत दरवर्षी पालकांना विचारतात. मुलांना विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

यंदाच्या सभेत एका बाबांना वर्गातला एसी कमी पडत होता. दुसऱ्यांना घोडेस्वारी हवी होती. त्यांच्या चिरंजीवांनी घोडा पाहिलाय तो वरातीत. मग वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःच पुढारी झालेली एक आई उठली.

"मॅम, टिफिन शेअरिंग बंद करा ना प्लीज. हायजीनचा इश्यू आहे. काही मुलं असं काही आणतात, वासानेच माझ्या बाळाला उलटी येते. तो अजिबात हॅपी नाहीये."

काही मुलं म्हणजे नावड्याहून येणारी एकच मुलगी, माझ्या लेकीची बाकावरची मैत्रीण. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे इवल्याशा कोळंबीची, चटणी असते. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. यातलेच निम्मे रविवारी सीवूड्सच्या मॉलमध्ये रांग लावून प्रॉन्स खातात. तिथला वास इंग्रजी मेन्यूतून येतो, म्हणून चालतो.

मागच्या रांगेतून त्या मुलीची आई म्हणाली, "माझी पोर कुनाच्या तोंडात कोंबत नाय, मॅडम. पोरं मागतात, ती देते."

"माझी तर रोज मागते," मी म्हणाले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नियम झाला: ज्याने त्याने आपल्याच डब्यातलं खायचं.

दुसऱ्या दिवसापासून लेकीचा डबा भरलेला परत येऊ लागला. धावत शाळेत जाणाऱ्या पोरीचं सकाळी पोट दुखायला लागलं. विचारलं की एकच उत्तर, "भूक नव्हती." मला त्या सभेतल्या एकेकाचा संताप यायचा. ग्रुपवर मात्र हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस चालू होता.

मग एका दुपारी डबा रिकामा आला. झाकण उघडलं तर जवळ्याचा खमंग वास.

"आम्ही आता बसमध्ये खातो," लेक म्हणाली. "घरी येताना. मागच्या सीटवर सगळे."

"सगळे कोण?"

तिने नावं सांगितली. त्यात त्या पुढारी आईचं बाळही होतं.

"त्याला उलटी येते ना वासाने?"

"त्याला? अर्धी भाकरी तर तोच खातो. मग बडीशेप चघळतो, आईला वास येऊ नये म्हणून. कंपासमध्येच ठेवतो."

संध्याकाळी ग्रुपवर त्या बाईंचा मेसेज आला: 'टिफिन रूलमुळे बाळ खूप हॅपी! थँक्यू मॅम!' खाली अंगठेच अंगठे.

मी दुसऱ्या दिवशी लेकीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या आणि सोबत बडीशेपेची पुडी दिली. त्या बिचाऱ्याची संपली तर पंचाईत नको.