पाण्याखालचा तडा

विश्वासदादाला जाऊन पाच आठवडे झाले. शेवटची भेट परळच्या हॉस्पिटलात. दम पुरत नव्हता, तरी मला पाहून त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला आणि विचारलं, "नंदे, जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला... माझा हा थोरला भाऊ पाणबुड्या होता. घोडपदेवच्या चाळीत वाढलेला, धक्क्यांचे पाण्यातले खांब तपासणारा. आपल्या बंदरातलं पाणी इतकं गढूळ, की खाली स्वतःचा हात दिसत नाही. तिथे बोटांनीच बघायचं.

त्याच्या आयुष्यातले सगळ्यात काळजीचे तीन दिवस मी जवळून पाहिले. जहाजांची वाट खोल करायला समुद्रतळाचा खडक सुरुंगांनी फोडत होते. एका स्फोटानंतर दादा जवळच्या धक्क्याचे खांब तपासायला उतरला आणि वर आला. तरुण इंजिनिअर हसत म्हणाला, "काका, टेबलावरचा चहापण सांडला नाही. सही करा, उद्या क्रेन चढवायचीय." दादा म्हणाला, "दोन खांबांना तडे आहेत साहेब, मागच्या बाजूने. सही नाही करणार." सुरुंग पुढे आणि तडे मागे, हे कुणालाच पटेना. शेवटी ठरलं, दुसरा पाणबुड्या आणायचा, तोवर क्रेन थांबवायची. दादा चुकीचा निघाला तर त्याने पुन्हा कामावर यायचं नाही.

घरी त्याने मला समजावलं. पाणी हवेसारखं दबत नाही, म्हणून स्फोटाचा धक्का त्यातून जोरात पोचतो. खांबातून आरपार जातो आणि पलीकडच्या अंगावरून परत फिरताना काँक्रीटला ओढतो. दाब सोसणारं काँक्रीट ओढ सोसत नाही. शिवाय स्फोटाच्या वायूचा फुगा पाण्यात फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो... दर वेळी खांबाला हिसका. "वरून सगळं ठीक दिसतं गं. आत खारं पाणी लोखंडी सळईपर्यंत गेलेलं असतं, ती गंजते."

सांगताना ठाम होता, पण एकटा बसला की बोटं चोळत राहायचा. वहिनीने मुद्दाम सुकट केली, ताट तसंच परत गेलं. "खांबावर कालवं चिकटलेली असतात, नंदे. त्यांच्या कडेलाच मी तडा समजलो असेन तर? आणि मी बरोबर असून त्यांनी क्रेन चढवली तर? तिच्यावर माणसं असणार गं..."

तिसऱ्या दुपारी इंजिनिअरचा फोन आला. त्याचा आवाज उतरला होता. "काका, दोन नाही, तीन खांबांना तडे गेलेत." वहिनीने हात जोडले. "एक माझ्याकडून सुटला..." दादा मात्र एवढंच म्हणाला. पुढे खांब दुरुस्त झाले, कुणाला खरचटलंही नाही. पण तो तिसरा खांब त्याच्या मनातून कधी गेला नाही.

त्यानंतर त्याने एक सवय लावून घेतली. प्रत्येक बुडीनंतर, दुपारी चारच्या सुमाराला, मला फोन करायचा. "नंदे, वर आलो." एवढं बोलून ठेवून द्यायचा. तो फोन येईपर्यंत ऑफिसात माझ्याने एक ओळ धड वाचवत नसे. बुडीचं काम कायमचं सुटल्यावरही बाजारातून आला, चाळीचे तीन जिने धापा टाकत चढला, की तोच फोन, तेच दोन शब्द.

अजूनही दुपारी चारच्या सुमाराला मी मोबाईल टेबलावर उपडा ठेवत नाही.