शोभाच्या भिंतीवरचा घास

माझ्या पोटात गोष्ट राहत नाय, अशी गल्लीत माझी ख्याती आहे. कुणाकडं मुलगी बघायला पाहुणे यायचेत, कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाची सून रुसली — सगळं सकाळी माझ्याकडं येतं आणि दुपारच्या चहापर्यंत पुढं जातं. पण एक गोष्ट राहिली बरं का. थोरला नातू रांगत होता तेव्हापासून राहिली, आता त्याला मिसरूड फुटलं. यांना सांगितली नाय, लेकीला नाय. देवापुढं हात जोडले तरी तेवढी गाळूनच बोलले. तुम्ही काय, वाचाल आणि पान उलटाल — म्हणून तुम्हाला सांगते.

तर आधी खारींचं. हसू नका, खारींचंच आहे.

बीड बायपासच्या अलीकडं आमची दोन घरं एकाला एक लागून. एकात आम्ही, दुसऱ्यात दीर आणि माझी धाकटी जाऊ, शोभा. दोन्हींच्या मागं परस, मधे कमरेएवढी भिंत. मी देवगाव रंगारीची, ती वैजापूरची. दोघी मातीत वाढलेल्या, हात स्वस्थ बसत नायत. वांगी, टोमॅटो, वालाच्या शेंगा, मेथी — सगळं परसात. नळाला पाणी येईल तेव्हा येतं इथं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत जपायचं आणि झाडांना घालायचं. अशा पाण्यावर वाढवलेला टोमॅटो जरा लाल झाला की खार यायची, एक चावा घ्यायची आणि टाकून द्यायची. सगळा खाल्ला तर माणूस म्हणेल, भूक होती. एकच चावा — हा कसला उर्मटपणा, सांगा?

आणि मग माझ्या परसात खारी यायच्याच बंद झाल्या.

बायका विचारायच्या, "मावशी, करता काय तुम्ही?" मी ऐटीत सांगायचे — लसूण-मिरची वाटा, पाण्यात कालवा, वर थोडा साबणाचा चुरा, गाळा आणि फवारा. भिशीत तर मला उभं करून सांगायला लावलं. टाळ्या पडल्या. मी पण घेतल्या. पण माझ्या खारी त्या पाण्यानं गेल्या नव्हत्या. मग गेल्या कुठं?

भिंतीपलीकडं.

शोभानं काय नाय केलं! शहागंजच्या बाजारातनं जाळी आणली — कुरतडली. जुन्या गाण्यांच्या चकचकीत सीड्या टांगल्या — चांगला आरसा मिळाला त्यांना. माझं मिरचीचं पाणी फवारलं, तर वारा उलटा आला आणि ही दिवसभर डोळे धूत बसली. शेवटी भाऊजींचा लग्नातला सफारी पेंढ्यानं भरून बुजगावणं उभं केलं. थोड्याच दिवसांत खारीनं सफारीच्या खिशात घरटं केलं! भाऊजी म्हणाले, "बघा वहिनी, माझ्या खिशात पहिल्यांदाच काहीतरी टिकलं." आम्ही सगळे पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसले. आणि खारी तिथं का मुक्काम ठोकून आहेत, हे त्या सगळ्यांत एकटीला मलाच माहीत होतं.

येते, मुद्द्यावर येते.

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना — त्यांची शिकवण अशी की तव्यावरची पहिली भाकरी आपली नाय. तिचा घास पाखराला, मुंगीला, जो येईल त्याला. मी तो घास माझ्या मागच्या दारासमोर, त्या मधल्या भिंतीवर ठेवायचे. हळूहळू ध्यानात आलं — घास जिथं, खारी तिथं. भाकरी खायच्या आणि तोंडी लावायला माझे टोमॅटो. मग एका सकाळी मी तो घास उचलला आणि भिंतीच्या पार त्या टोकाला ठेवला, जिथं शोभाच्या पेरूची फांदी टेकते. वर मूठभर शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणी विचारलंच तर — तिकडं कोवळं ऊन असतं गं, पाखरांना बरं.

चोरून नाय केलं बघा काही. भर उजेडात, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून केलं. सगळी गल्ली बघायची आणि म्हणायची, बाई लई पुण्यवान. शोभा तर म्हणाली, "ताई, केवढं मन तुमचं! घास तुमचा अन् पुण्य माझ्या अंगणात." मी म्हणाले, "तुझं-माझं काय त्यात, अगं." असं बोलले मी. जीभ कशी अडखळली नाय?

आणि हे सगळं टोमॅटोसाठी? — तसं असतं तर मी कधीच सांगून हसले असते. टोमॅटोसाठी नव्हतं.

भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आम्ही एकत्र जेवतो. दोघींनी आपापल्या परसातली भाजी करायची, बाजरीची तिळाची भाकरी, लोण्याचा गोळा. एका भोगीला आत्याबाईंनी दोन्ही भाज्या चाखल्या आणि म्हणाल्या, "शोभाच्या वांग्याला चव हाय." बस. माझ्या वांग्याला वाईट नाय म्हणाल्या. काहीच नाय म्हणाल्या.

त्यानंतरच घास सरकला. त्यानंतर शोभाची वांगी भोगीपर्यंत कधी पोचलीच नायत. कोवळी असतानाच खारी कुरतडायच्या. आत्याबाईंनी शेवटची भोगी माझ्याच वांग्यांची खाल्ली. गप खाल्ली. शोभा बाजारची वांगी चिरत होती. म्हणाली, "माझ्या हातालाच यश नाय, ताई." आणि मी — मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. "असतं एकेकाचं," म्हणाले.

भाकरी सरकवली ते एक. पण हे वाक्य? ते तर मी कुठल्या खारीवर ढकलू?

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघं नाशिकला लेकीकडं राहिलो. परस शोभाच्या हवाली. परत आले, काठी टेकत मागं गेले — आणि बघतच राहिले. टोमॅटो एकूण एक चावलेले. वांग्यांचे नुसते देठ. मेथीत खड्डे. आणि भिंतीवर, माझ्या दाराच्या अगदी समोर, खारींचं आख्खं वऱ्हाड! पलीकडं शोभाचं परस मात्र असं डवरलं होतं की बास.

शोभा रडवेली होऊन आली. "ताई, पाणी रोज घातलं. घासही एक दिवस चुकवला नाय."

"कुठं ठेवलास घास?"

"तुमच्याच दारासमोर. तुपाचं बोट लावून, शेंगदाणे घालून. ताई, रागवू नका — घास तुमचा अन् पुण्य मी घेत होते इतकी वर्षं. मला दिसत होतं ते. बोलले नाय, मुकाट घेत राहिले. लई लाज वाटायची. म्हटलं, आता तरी ज्याचं त्याला पोचू दे."

पोचलं की हो! तूप लावून पोचलं!

मला असं हसू फुटलं की गुडघा दुखायला लागला. ती आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, कशाला ते न कळता. भिंतीला धरून हसलो दोघी. तेव्हाच सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. तिनं तिची नसलेली चूक कबूल केली, आणि माझी असलेली मी हसण्यात गिळली.

घास आता माझ्याच दारासमोर ठेवते. तुपाचं बोटही लावते. सवय लागलीय त्यांना.

यंदाच्या भोगीला माझ्याकडं बाजारची वांगी, शोभाची घरची. मी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "शोभा, तुझ्या वांग्याला चव आहे गं."

ती भाकरी भाजता भाजता थांबली. म्हणाली, "आत्याबाई असंच म्हणाल्या होत्या एकदा, व्हय ना?"

म्हणजे तिनंही ते वाक्य जपलं होतं. इतकी वर्षं. मी विसरले नाय ते जळून, आणि ती विसरली नाय ते त्या एवढ्याशा कौतुकाच्या आधारावर.

"व्हय," म्हणाले. "असंच म्हणाल्या होत्या. खरं होतं ते."

एवढंच बोलले. बाकीचं हे असं, फक्त तुम्हाला सांगितलंय. समोर भिंतीवर खार बसलीय. आत्ताच तिनं माझ्या टोमॅटोचा एक चावा घेतला आणि टाकून दिला.