बिनकुलपाचा कॉल

कचेरीत त्याला सगळे कुलूपराव म्हणत, आणि त्याला तो सन्मान वाटे. मोबाइल नेटवर्कचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या समितीत तो सुरक्षेचा तज्ज्ञ होता. म्हणजे, जगातली कुठलीही दोन माणसं सुखानं बोलू शकतील अशी शक्यता दिसली, की त्याची झोप उडे.

घराच्या दारालाही तीन कुलपं होती. बायको म्हणे, "चोर कंटाळून जाईल हो, पण त्याच्या आधी मी जाईन."

त्याचं खरं वैर मात्र एका नियमाशी होतं. फोनमध्ये सिम नसलं, ओळख पटली नाही, तरी आणीबाणीचा कॉल जोडून द्यायचा, असा तो नियम. "ओळख ना पाळख, आणि दार उघडायचं?" दर बैठकीत तो उभा राही. तो उभा राहिला, की बाकीचे चहाला उठत.

एकदा एका भामट्यानं बँकेतून बोलतोय म्हणून त्याच्या आईला फोन केला. आईनं त्याला इतकी गुडघेदुखी ऐकवली, की शेवटी त्या बिचाऱ्यानंच फोन ठेवला. कुलूपरावाला यात धोका दिसला. त्यानं आईचं सिम काढून घेतलं आणि फोनला लांबलचक पासवर्ड ठोकला.

"अरे, मग याचं मी करू काय?"

"गाणी ऐक."

"उघडला तर ऐकेन ना, बाळा!"

मग ती त्या फोनचं घड्याळ करून पदराआड बाळगू लागली. वेळ तेवढी कुलपातूनही दिसायची.

त्या दुपारी घरात ती एकटीच होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय सरकला आणि ती पडली ती उठेचना. फोन हाताशी होता. उजेडाच्या त्या इवल्या चौकोनात पासवर्डाखाली एकच शब्द होता: आणीबाणी. तिनं तो दाबला. पलीकडून कुणीतरी लगेच ओ दिली. सिम कुठंय, असं कुणी विचारलं नाही.

रुग्णवाहिका झटकन आली. वेळ खाल्ला तो दारानं. शेवटी ते फोडावं लागलं. कुलूपराव तेव्हा बैठकीत त्याच नियमाविरुद्ध तावातावानं बोलत होता.

"आईंना तुमचा पासवर्ड आठवेना, पण माझा नंबर पाठ होता, तो त्यांनी रुग्णवाहिकेत सांगितला," इस्पितळात बायको म्हणाली. "तुमचा फोन बंद."

"बैठकीत बंद ठेवायचा नियम आहे."

"केला कुणी?"

आईच्या पायाला प्लास्टर होतं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

पुढच्या बैठकीला तो घरूनच, आईच्या पलंगाशेजारी बसून ऑनलाइन हजर झाला. तो नियम आला तशा पलीकडच्या खुर्च्या करकरल्या. मंडळी चहाला निघाली होती.

"माझी हरकत मी मागे घेतो," तो म्हणाला.

खुर्च्या थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, "माफ करा, पण कॅमेरा लावता का? आपणच बोलताय, याची खात्री करायला हवी. नियम आपल्याच आग्रहानं झालाय."

तो कॅमेऱ्याचं बटण शोधू लागला, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "तोच आहे हो! मी जन्म दिलाय त्याला."

"आणि आपण कोण, बाई?"

आई काही बोलण्याआधी कुलूपरावच म्हणाला, "त्यांना ओळख विचारू नका. जोडून घ्या."