कुणाची म्हसरं

वलवणच्या धरणात म्हशी डुंबताना दिसल्या की ती छोटी बोट आठवते. डॉल्फिन बघायला कोकण किनाऱ्याने जाणारी चार दिवसांची सहल होती, मी आईला भाजे गावातून सोबत नेलं होतं. पहिलीच सकाळ, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. डिझेलच्या वासात सगळे गप्प उभे होते. पाण्यावर काळसर पाठी वर आल्या तशी आई मोठ्याने म्हणाली, "आरं, कुणाची म्हसरं सुटली ही?" लोक खो खो हसले. डॉल्फिन दाखवणाऱ्याने विचारलं, "मावशी, कुणाबरोबर आलात?" मी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. "येकलीच आलीय बाबा," ती म्हणाली. दुपारी जेवायलाही ती वेगळ्या टेबलावर बसली आणि मी बसू दिलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही.