आउटलुक काकू

बफेलोच्या आमच्या मराठी मंडळाला हवामान सांगणाऱ्या काकू स्वतःच्या खिडकीबाहेर बघून कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. "खिडकीतून आपलं अंगण तेवढं दिसतं," असं म्हणून त्या पडदा ओढून घ्यायच्या आणि फोन फिरवायला बसायच्या. एक फोन तळ्याकाठी राहणाऱ्या मैत्रिणीला, एक दक्षिणेकडच्या उपनगरात, एक उत्तरेकडे. "वारा कुठून येतोय? झाडं कुठल्या बाजूला वाकलीत? तेवढंच सांग, मत नको." मग लॅपटॉपवर हवामान खात्याचे नकाशे, आणि गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा आवाज: "नमस्कार मंडळी, वीकेंडचा आउटलुक ऐका." त्यावरूनच त्या आउटलुक काकू झाल्या. त्यांचं खरं नाव निम्म्या मंडळाला ठाऊक नव्हतं.

मी आणि माझा नवरा समीर एडिसनहून इथे आलो तेव्हा मला या आउटलुकचं हसूच आलं होतं. एडिसनला बर्फ पडला की सगळ्यांवर सारखाच पडायचा. बफेलोचा बर्फ मात्र पक्का पक्षपाती. थंडगार वारा ईरी तळ्याच्या उबदार पाण्यावरून येतो, वाटेत ओल उचलतो आणि काठाशी पोचला की एका अरुंद पट्ट्यात सगळा बर्फ ओतून मोकळा होतो. त्या पट्ट्याखालच्या गावात गाड्या गडप होतात आणि अर्ध्या तासावरच्या गावात लोक उन्हात कुत्रं फिरवत असतात. वारा जरासा वळला की पट्टाही सरकतो. याला इथे लेक इफेक्ट म्हणतात. आणि आमची मराठी घरं या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेली! एकाच्या घरी ऊन, दुसऱ्याचं दार उघडत नाही, आणि ऊनवाल्याला वाटतं दुसरा कार्यक्रमाला न यायची सबब सांगतोय. यावरून मंडळात भांडणंसुद्धा झालेली आहेत.

काकू मूळच्या सोलापूरच्या. तिथल्या उन्हात वाढलेली ही बाई बर्फाची जाणकार कशी झाली, हे त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात लख्ख ऊन बघून साडीवर एक स्वेटर चढवला आणि गाडी घेऊन किराणा आणायला निघाल्या. "मागे ऊन, समोर पांढरी भिंत. मला वाटलं धुकं असेल, गेले सरळ आत!" पुढचा सगळा दिवस त्यांनी एका फायर स्टेशनमध्ये, अनोळखी माणसांनी दिलेलं सूप पीत, ओल्या साडीत काढला. त्या दिवसापासून त्यांनी तळ्याशी ओळख करून घ्यायचं ठरवलं. तळ्याला त्या शेजारीण म्हणायच्या. "शेजारीण आज तापलीये," असं त्या म्हणाल्या की आम्ही दूध-ब्रेड आणायला पळायचो. पुढे त्यांनी इथल्याच शाळेत वर्षानुवर्षं सायन्स शिकवलं, रिटायर झाल्या, पण समोर विद्यार्थी नाहीत म्हणून शिकवणं थोडंच थांबतं? मग वर्गात आम्ही.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र त्यांचा अंदाज चुकला त्या दिवशी कळली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काकूंनी सांगितलं, शनिवारी जोराचा वारा आणि पट्टा नेमका आपल्या हॉलवर. त्यांच्या शब्दावर कमिटीनं कार्यक्रम कॅन्सल केला. वाणं बांधून तयार, गुळाच्या पोळ्या केलेल्या, आणि शनिवारी हॉलच्या पार्किंगमध्ये कडकडीत ऊन. सेक्रेटरी अमोलनं फोटो टाकला, "काकू, बर्फ कुठे पार्क केलाय?" दिवसभर ग्रुपवर हसून हसून मुरकुंडी वळलेल्या चेहऱ्यांचा पाऊस.

दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं, नाहीतर हवामान खात्यावर खापर फोडलं असतं. काकूंचा निरोप आला: "मंडळी, मी चुकले. वारा मला वाटलं त्याच्या आधीच वळला आणि पट्टा दक्षिणेला गेला. तुमचा शनिवार मी वाया घालवला. पोळ्या पुढच्या वीकेंडला खाऊ." बस. एक 'पण' नाही, एक 'परंतु' नाही. तरीही त्यानंतर त्यांच्या आउटलुकची चेष्टा चालू झाली ती झालीच. "काकू म्हणतात बर्फ, म्हणजे छत्री नको," असं लोक तोंडावर म्हणायचे. त्याही हसायच्या, पण मी शेजारी बसलेली असे, आणि ते हसू त्यांना लागतं हे मला दिसायचं.

पुढच्या नोव्हेंबरात मला नववा महिना होता. आमचं घर दक्षिणेकडच्या हॅम्बर्गमध्ये आणि माझं हॉस्पिटल उत्तरेला, काकूंच्या अ‍ॅम्हर्स्टमध्ये. सासूबाई बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या आठवड्यात काकूंनी गुरुवारची वाट न बघता आधीच आउटलुक पाठवला: आज संध्याकाळपासून सोसाट्याचा वारा, आणि पट्टा साउथटाउन्सवर, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या गावांवर, ठाण मांडून बसेल, हलणार नाही. ग्रुपवर पुन्हा तेच हसरे चेहरे. कोणीतरी तर हॉल बुक करू का, असंही विचारलं.

काकूंनी सरळ मला फोन केला. "अगं, बॅग भर. तू आणि तुझ्या सासूबाई माझ्याकडे राहायला येताय. मी निघालेय."

"काकू, ड्यू डेट पुढच्या आठवड्यात आहे हो."

"ते बाळाला माहितीये का?"

त्या पोचल्या तेव्हा अंगणात ऊन सांडलं होतं. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "एवढं लख्ख ऊन आहे न बाहेर! दिवस भरत आलेली सून परक्याच्या घरी नेऊन बसवू का मी?" त्यांचंही चूक नव्हतं. संक्रांतीचा किस्सा त्यांच्या कानावर आलेलाच होता. समीर म्हणाला, "काकू, गरज पडली तर आम्ही लगेच निघू ना, यार, ड्राइव्ह तर अर्ध्या तासाचाच आहे."

काकूंनी बूटसुद्धा काढले नाहीत. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "ताई, मी चुकले तर चार दिवस माझ्याकडे पाहुणचार घ्या आणि जन्मभर मला हसा. हसलेलं मला चालतं. पण मी बरोबर निघाले आणि ही पोर इथे अडकली, तर ते मला नाही सोसणार."

सासूबाईंनी खुंटीवरचा कोट काढला, आणि समीरसकट आम्ही तिघंही काकूंकडे गेलो.

दुसऱ्या सकाळी अ‍ॅम्हर्स्टमध्ये निरभ्र आकाश! "बघा, कुठे आहे बर्फ?" असं सासूबाई म्हणताहेत तोवर आमच्या हॅम्बर्गच्या शेजाऱ्यानं समीरला फोटो पाठवला. त्यात आमचं घर शोधावं लागत होतं. गॅरेजचं दार वरपर्यंत गाडलेलं, रस्ता कुठे आहे ते कळत नव्हतं, गाडी चालवायला बंदी. अ‍ॅम्ब्युलन्सही बर्फ उपसणाऱ्या नांगरगाडीच्या मागे मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. आणि त्याच दुपारी मला कळा सुरू झाल्या. काकूंनीच गाडी काढली. कोरड्या रस्त्यावरून, उन्हातून, दोन सिग्नलना थांबून आम्ही हॉस्पिटलात पोचलो. दक्षिणेकडे राहणाऱ्या कितीतरी नर्स त्या दिवशी कामावर येऊ शकल्या नव्हत्या. माझी मुलगी त्याच रात्री जन्मली, आणि तिला आईनंतर पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते आजीनं नव्हे. सासूबाईंनी स्वतःच ती काकूंच्या हातात दिली.

ग्रुपवर कौतुकाचा पूर आला. अमोलनं जाहीर माफी मागितली. यावर काकूंचा निरोप: "अभिनंदन नंतर करा. साउथटाउन्समधल्या लोकांच्या छतांवर बर्फाचं ओझं आहे. बंदी उठली की फावडी घेऊन कोण कोण जाणार, ते सांगा." अर्धं मंडळ गेलं. आमच्या घराचं छत अमोलनं मोकळं केलं.

गेल्या उन्हाळ्यात काकू मुलाकडे सांता क्लाराला कायमच्या राहायला गेल्या. तिथे रोज एकसारखं ऊन, सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून कुरकुरतात. मंडळानं आउटलुकचं काम माझ्याकडे दिलं. मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? आमच्या काकूंचं काम माझ्याकडे आलं होतं.

यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाआधी तळ्यावर वारा उठला. नकाशे बघितले, फोन झाले, पट्टा हॉलवर येईलसं दिसत होतं. खात्री मात्र नव्हती. फराळाची ऑर्डर गेलेली, मुलांची नाटकं बसवलेली. मी काकूंना फोन लावला.

"काकू, कॅन्सल करा म्हणून सांगायचा धीर होत नाहीये. ऊन पडलं तर सगळे हसतील हो मला."

"हसू दे की," काकू म्हणाल्या. "हसतायत म्हणजे सगळे सुखरूप आपापल्या घरी आहेत."