फ्लॉपीवरच्या अक्षता

सन १९९४, मी बेचाळीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत. गंगापूरकडची मेंढरं सोडून शहरात एका छापखान्यात मशीनवर होतो. मालकांना शब्दकोड्याच्या चौकटी आपोआप आखणारी फ्लॉपी कुठूनतरी फुकट मिळाली, आणि पुढच्या अंकापासून आपल्या साप्ताहिकात कोडं येणार, असं त्यांनी छापूनही टाकलं. त्या दिवशी विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालेलं. चौकात पोलीस, म्हणून मालक बाहेरून शटरला कुलूप लावून गेले. आत मी आणि कॉम्प्युटर चालवणारी बाई. तिची सगळी माणसं त्या आनंदात विद्यापीठाच्या गेटवर जमलेली. नव्या वस्तूची पूजा केल्याशिवाय मी ती चालू करू देत नसे. फ्लॉपीला ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि बाईला हात लावू न देता स्वतःच कॉम्प्युटरात सारली. कर्रर्र झालं. फ्लॉपी आत जाईना, बाहेर येईना. "मामा, तांदूळ गेला आत! माझी नोकरी गेली आता." "पूजेनं कुठं मशीन बिघडतं व्हय?" "मग तुम्हीच काढा. देव तुमचा हाय." चिमट्यानं ओढून माझी बोटं लाल झाली. शाईच्या कोंदट वासात जीव घुसमटला. बाहेर ढोल वाजू लागले, तशी ती शटरच्या फटीला डोळा लावून म्हणाली, "तुमचा देव अडकला, अन् संगं मी बी." संध्याकाळी मालकांनी कुलूप काढलं, मशीन पाहिलं आणि तिला म्हणाले, "उद्या बघतो तुझ्याकडं." मी चिमटा खिशात टाकला आणि घरी गेलो. आजही ओल्या कुंकवाचा वास आला की ती करकर ऐकू येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या आधी जाऊन शटरला पाठ लावून बसलो, आणि ते येताच म्हणालो, "तांदूळ माझा. काय बोलायचं ते मला बोला."