उरलेल्या सात गोळ्या

सेहेचाळिसाव्या वर्षी एखादी बाई औषधांची नावं पुटपुटत रस्त्यानं चाललेली दिसली असती, तर तुम्ही हसला असता की नाही? खरं सांगा. माझी निम्मी हयात कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे गेली आहे, थाप मारलीत तर मला लगेच कळतं. हसला असता. आमची अख्खी गल्ली हसली.

तिला सगळे घडी म्हणायचे. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिनं एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. गरम चादर उचलायची, वाफ तोंडावर घ्यायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा. हात चालू असायचे आणि डोळे कुठल्या तरी दुसऱ्याच गावाला गेलेले असायचे. कुणी विचारलं, "कुठे आहेस गं?" की म्हणायची, "इथेच की. एकशे दहा झाल्या." मोजून बघावं तर एकशे दहाच असायच्या. घडी स्वप्नात असली तरी तिचा आकडा जागा असतो, असं आम्ही म्हणायचो.

मग धुलाईचं काम ठेकेदाराला गेलं. आम्ही सगळ्याजणी रुग्णालयाच्या फाटकाशी अकरा दिवस धरणं धरून बसलो. मी कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण रुग्णालयाचे नियम मी तिथल्या साहेबांपेक्षा जास्त वेळा वाचले होते. शेवटी एवढं पदरात पडलं की, ज्यांची बारावी झाली आहे त्यांना औषधालयात सहायकाचं वर्षभराचं शिक्षण द्यायचं आणि पास झाल्या तर तिथेच कायम करायचं. बारावीवाल्या चौघीच निघाल्या. तिघी म्हणाल्या, आता डोक्यात काही शिरणार नाही. घडीनं अर्ज भरला.

"आता आमची वहिनी डॉक्टरीण होणार," तिची नणंद म्हणाली. "आम्हाला खोकला झाला तर रांगेत उभं करणार."

"तुम्हाला आधी घेईन," घडी म्हणाली. "तुमचा खोकला दोन गल्ल्या ऐकू येतो."

औषधालयाची आतली खोली मी एकदा पाहिली. उंचावर दुधी काचेची खिडकी. तिच्यातून येणारा उजेड अंड्याच्या आत असावा तसा, कुठून येतो ते कळू न देणारा. त्या उजेडात कपाटभर बरण्या, एकेकीत हजार गोळ्या. मधोमध मोजायचं ताट, त्याच्या एका कडेला पन्हळ. गोळ्या ताटात ओतायच्या, चपट्या पातीनं पाच-पाच करून पन्हळीत सारायच्या. घडी सांगायची, "ताई, त्या सरकतात ना, तेव्हा कुणी तरी लांबून वाळूतून चालत येतंय असं वाटतं. मी त्याची वाट बघत मोजते."

हे तिनं मुख्य औषधनिर्मात्या बाईंना सांगितलं नव्हतं, ते बरंच होतं. त्या बाईंना सगळे पाठीमागे तराजू म्हणत. त्या कुणाच्या बाजूला झुकलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. घडीच्या नोंदवहीत साठ कामं लिहिलेली होती: चिठ्ठी वाचणं, लेबल लावणं, मुदत बघणं, रोग्याला समजावणं. प्रत्येक कामापुढे तराजूबाईंची सही लागायची. वर्षभरात एकोणसाठ झाल्या. साठावी सोमवारी व्हायची होती. ती सही म्हणजे नोकरी. ती नाही, तर सेहेचाळिसाव्या वर्षी घडी पुन्हा फाटकाबाहेर.

आदल्या शनिवारी बंद व्हायच्या वेळेला औषधं द्यायच्या खिडकीवर घडी एकटीच होती. दुसरी सहायक वॉर्डात औषधं पोचवायला गेलेली. एका बाईला साखर उतरवायच्या अठ्ठावीस गोळ्या द्यायच्या होत्या. घडीनं मोजल्या, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, एकवीसच द्या. सात उरल्या. अशा उरलेल्या गोळ्या बरणीत परत टाकायच्या तर नियम असा की, एकीनं बरणी धरायची आणि दुसरीनं लेबल मोठ्यानं वाचायचं. दुसरी नव्हती. रांगेतली माणसं काचेवर टकटक करत होती. घडीनं सात गोळ्या परत टाकल्या आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला रक्तदाबाच्या तीस गोळ्या मोजून दिल्या. मग कुलूप लावून घरी आली.

ती राहते माझ्या वरच्या मजल्यावर. रविवारी दुपारी तिची लेक तिची परीक्षा घेत होती. चिठ्ठ्यांवर औषधांची नावं लिहिलेली, लेक विचारायची आणि आईनं पलंगावर आडवं पडून उत्तर द्यायचं. चौथ्या-पाचव्या चिठ्ठीला उत्तर येईना. आईचा डोळा लागला होता, पण उजवा हात चादरीवर सरकत होता. पाच, दहा, पंधरा. पोरगी हसली, म्हणाली, "आई, आज सुट्टी आहे." हात थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा सरकला, पुन्हा तिथेच अडला. मग घडी उठून बसली.

लेक मला बोलवायला आली. "ताई, वर या. आई भिंतीकडे बघून बोलतेय."

घडी बोलत होती ते असं: स्वप्नात तेच ताट होतं, तोच अंड्याच्या आतला उजेड. रक्तदाबाच्या गोळ्या पांढऱ्या, गोल, गुळगुळीत. त्यांच्यात मध्येच एक येत होती जिच्या पोटावर रेघ. साखरेच्या गोळीला मधोमध रेघ असते. दोन्ही बरण्या शेजारी-शेजारी. "डोळ्यांनी रेघ बघितली होती, ताई. मला सांगितली नाही. मी इथे नव्हतेच. सोमवारच्या सहीचा विचार करत होते. पांढऱ्या कोटात मी लेकीला घेऊन फोटो काढायला चालले होते."

आता मी जे बोलले ते लिहिते, कारण लपवलं तर या लिहिण्याला काडीचा अर्थ नाही. मी म्हणाले, "उद्या लवकर जा. बरणी उघड, रेघेच्या वेचून काढ आणि विषय संपव. सहीच्या दिवशी कशाला आपल्या पायावर धोंडा?"

"आणि ज्या बाहेर गेल्या त्या?" तिनं विचारलं. "तो माणूस आज सकाळी गोळी घेऊन बसला असेल."

तिनंच तराजूबाईंना फोन लावला. मी बाजूला उभी होते, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"किती?"

"सात."

"नक्की?"

"आकडा चुकलेला नाही, मॅडम. बरणी चुकली."

"शनिवारी त्या बरणीतून किती जणांना दिल्या?"

"त्यानंतर एकालाच. घड्याळं दुरुस्त करतात ते आजोबा."

"फाटकाशी ये. मी निघाले."

घड्याळवाल्या आजोबांची खोली एका दुकानाच्या माळ्यावर होती. आम्ही तिघी आत शिरलो आणि क्षणभर मी कशाला आले तेच विसरले. चारी भिंतींवर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी आणि सगळ्यांची टिकटिक एकमेकांत मिसळून झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी झालेली. आजोबा टेबलाशी बसलेले, एका डोळ्यावर भिंग.

तराजूबाईंनी आडवळण घेतलं नाही. "आमच्याकडून चूक झाली आहे. तुमच्या बाटलीत दुसऱ्याची गोळी असू शकते. आज घेतलीत का?"

"आठ वाजता घेतली," आजोबा म्हणाले. "कुठल्या घड्याळातले आठ ते विचारू नका."

"चक्कर, घाम, हातापायांना थरथर?"

"थरथर असती तर पोरी, मी हा स्क्रू लावला नसता."

घड्याळाचे सुटे भाग मांडायच्या काळ्या कापडावर घडीनं बाटली ओतली. एकोणतीस गोळ्या. ती पातीशिवाय, नखानं एकेक बाजूला करू लागली. आजोबांनी भिंग पुढे करून स्वतःच वाकून बघितलं. "ही एक. हिच्या पोटावर रेघ. ही दुसरी." पाच निघाल्या.

म्हणजे बरणीत दोन असायला हव्यात. एकच निघाली, तर दुसरी आजोबांच्या पोटात. आणि साखर नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती गोळी दिवसभरात कधीही आडवं करू शकते, हे तराजूबाईंनी त्यांना सरळ सांगितलं. त्यांना काहीतरी गोड खायला दिलं, मला म्हणाल्या, "तुम्ही इथून हलायचं नाही. जरा गुंगी आली, बोलणं अडखळलं, की रुग्णवाहिका बोलवायची." मला कुणी हुकूम सोडलेला चालत नाही. त्या दिवशी चालला.

त्या दोघी औषधालयात गेल्या आणि मी त्या टिकटिकीत बसून राहिले. बरणीत आठशेच्या वर गोळ्या होत्या. मी डोळे मिटले तर मला ती दुधी काच दिसायची, ताट दिसायचं, पाच-पाच करून सरकणारा पांढरेपणा. एखाद्या घड्याळात चार वाजायचे, पलीकडच्यात सव्वाअकरा. आजोबांना मी दर थोड्या वेळानं बिस्किट द्यायची.

"तुम्ही पाहुण्या," ते म्हणाले, "आणि माझ्या घरी मलाच वाढताय."

"खा मुकाट्यानं."

"त्या तुमच्या बाईला सांगा, मी तक्रार करणार नाही."

"ती तुम्हाला विचारत नाहीये," मी म्हणाले. "ती स्वतःच करून मोकळी झाली."

फोन वाजला तेव्हा बाहेरचा उजेड उतरत आला होता. घडीचा आवाज खूप खालून आल्यासारखा वाटला. "एक लगेच सापडली, ताई. दुसरी अगदी शेवटच्या पंचवीसमध्ये. सात झाल्या." मी आजोबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेलं बिस्किट माझ्यापुढे सरकवलं.

सोमवारी तराजूबाईंनी नोंदवही उघडली, साठाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही मिटली. "सही नाही. तीन महिने पुन्हा, पहिल्या कामापासून."

माझं डोकं फिरलं. त्यांच्या टेबलावर हात आपटायला मी निघालेच होते. म्हणाले, "तिनं सांगितलं नसतं तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर ठेवतेय," त्या म्हणाल्या. "लपवलं असतं आणि मला कळलं असतं, तर आज दार दाखवलं असतं."

"आणि शनिवारी खिडकीवर एकटीला कुणी उभं केलं? लेबल काय भिंतीनं वाचायचं होतं?"

त्यांनी भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्याकडे बघितलं. मी आणखी चार गोष्टी सुनावणार तोच घडीनं माझा दंड धरला. "ताई, बसा. माझ्यासाठी मोर्चा काढू नका. शनिवारसाठी काढा."

शनिवारसाठी काढला. मोर्चा कसला, आम्ही सहाजणी आणि एक अर्ज. पण त्याखाली पहिली सही तराजूबाईंची होती. आता शनिवारी खिडकीवर दोघी असतात. तीन महिने जास्त झाले असं मला आजही वाटतं, आणि मी ते तोंडावर बोलते. घडीला वाटत नाही. सध्या तिचा दुसरा महिना चालू आहे. एकोणचाळीस सह्या झाल्या आहेत. उरलेली गोळी परत टाकताना ती स्वतःहून बरणी उचलून दुसरीच्या नाकासमोर धरते आणि दुसरी वाचेपर्यंत श्वाससुद्धा घेत नाही. मोजताना मात्र तिचे डोळे अजून त्या दुसऱ्या गावाला जातात. मी विचारलं, "हे सोडलं नाहीस?" म्हणाली, "जाते, पण आता बरणी बरोबर घेऊन जाते."

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आज घरी गेलात की तुमच्या गोळ्यांची बाटली पांढऱ्या ताटलीत ओता आणि उजेडात नीट बघा. एखादी गोळी बाकीच्यांसारखी दिसली नाही, तर गिळू नका, फेकूनही देऊ नका. ती घेऊन खिडकीवर परत या, आवाज न चढवता आतल्या बाईच्या हातावर ठेवा, आणि तिला ती बघायला पुरता वेळ द्या.